थोरलीचे ठसे, धाकटीचं पाणी

भाऊ वेगळे झाले त्या दिवशी दोघांनी एक काम मात्र अगदी एकमताने केलं. शेजारशेजारच्या दोन फ्लॅटच्या भिंतीत पूर्वी हौसेने पाडलेलं दार बंद झालं. थोरल्याने आपल्या बाजूने त्याला कपाट लावलं आणि धाकट्याने आपल्या बाजूने. एकमेकांना न विचारता, एकाच संध्याकाळी. इतकं एकमत त्या दोघांत कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

भांडणाचं कारण सांगायला बसलं तर हसू येईल. दोघांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यातलं काउंटर उजव्या भिंतीला लावायचं की डाव्या, एवढ्यावरून सुरुवात झाली. मग काउंटर राहिलं बाजूला आणि जुनी मढी उकरून निघाली. लहानपणी कोणाची सायकल कोणी मोडली, कोणाच्या आजारपणात कोण जागलं, कोणाच्या लग्नात कोणी तोंड वाकडं केलं, सगळं निघालं. दुकान वेगळं झालं, किल्ल्या वेगळ्या झाल्या, भांडीकुंडी वेगळी झाली. वेगळे व्हायला तयार झाले नाहीत ते फक्त म्हातारे वडील. "मी काय कपाट आहे, या भिंतीला नाहीतर त्या भिंतीला लावायला?" असं म्हणून ते दुपारी एकीकडे जेवू लागले आणि रात्री दुसरीकडे. दोन्हीकडच्या मिठाला नावं ठेवायचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता.

बायकांची वाटणी इतकी सोपी नव्हती. थोरली आणि धाकटी, या दोघी जावा मिळून हाताने शुभेच्छांची कार्डं बनवायच्या, आणि ते काम असं एकात एक गुंतलेलं होतं की मधे भिंत घालणार कुठे? थोरली रबराच्या तुकड्यावर चित्र कोरून ठसा तयार करायची. तो बिनरंगाच्या चिकट शाईवर टेकवून जाड कागदावर उमटवायची, त्यावर बारीक पारदर्शक पूड भुरभुरायची, जास्तीची झटकून टाकायची, आणि गरम हवेच्या यंत्राने ती पूड वितळवायची. त्या यंत्राला दोघी बंदूक म्हणत. पूड वितळली की रेघ कागदावर उंच उठायची, बोटाला लागायची. डोळ्यांना मात्र जवळजवळ दिसायचीच नाही, कारण पांढऱ्यावर बिनरंगी. मग तो कागद धाकटीकडे यायचा. तिने त्यावर जलरंगाचा ओला कुंचला फिरवला की रंग त्या उठलेल्या रेघेवरून घसरून बाजूला व्हायचा आणि अख्खं चित्र पांढरंशुभ्र वर यायचं. म्हणजे थोरलीने काय काढलंय ते धाकटीच्या पाण्याशिवाय कोणाला दिसणार नाही, आणि धाकटीचं पाणी थोरलीच्या रेघेशिवाय म्हणजे नुसतं कागदावर सांडलेलं पाणी. इतकी वर्षं हे असंच चाललं होतं आणि छान चाललं होतं.

नवऱ्यांच्या भांडणात धाकटीने पडायला नको होतं. तिलाही ते ठाऊक होतं. पण थोरले दीर रागाच्या भरात म्हणाले, "तुमचा तो कार्डांचा उद्योगसुद्धा माझ्या बायकोच्या जिवावर चाललाय," आणि धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "जिवावर? त्या नुसते ठसे मारतात. चार दिवसांत कोणीही शिकेल."

थोरली तिथेच उभी होती, ओली बशी पुसत. तिने बशी जागेवर ठेवली, फडकं झटकून वाळत टाकलं, "हो का," एवढंच म्हणाली आणि आपल्या बाजूला निघून गेली. त्यापेक्षा कडाकडा भांडली असती तर परवडलं असतं. बोललेला शब्द परत घेता येत नाही म्हणतात. येतो, न यायला काय झालं? पण त्यासाठी समोरच्याच्या दारात जावं लागतं, आणि तेवढंच धाकटीला जमेना.

ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला साधा चहा धड येत नव्हता. रडू मात्र उत्तम यायचं. माहेरची आठवण आली की बाथरूमचा नळ सोडून ती आत रडत बसायची आणि बाहेर आल्यावर डोळ्यांत साबण गेला म्हणून सांगायची. असा रोज रोज साबण जातो कसा, हे थोरलीने कधी विचारलं नाही. एक दिवस तिने जलरंगांचा डबा आणि दोन कुंचले आणून तिच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "माझी चित्रं पांढरी पडतात गं. तू बघ काही करता येतं का." पुढे आल्यागेल्याला सांगायची, "हिच्या हातात पाणी ऐकतं." लोक कार्ड हातात घेऊन "रंग काय सुंदर आहेत हो" म्हणायचे तेव्हा थोरली कौतुकाने मान डोलवायची. ठसा कोणी कोरला हे कोणी विचारायचं नाही आणि धाकटीही आपण होऊन सांगायची नाही. हे सगळं तिला आता आठवू लागलं होतं. दात घासताना, दुधावर लक्ष ठेवताना, नको तेव्हा.

एक काम मात्र अर्धवट होतं. बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना दोघींनी शब्द दिला होता. घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात त्यांना एक कार्ड द्यायचं होतं. चित्र थोरलीनेच योजलेलं होतं. पुढे आई बदक आणि मागे तिच्या पिल्लांची रांग. त्यातलं शेवटचं पिल्लू मान वळवून मागे बघणारं, कारण थोरलीच्या मते तसलं एक प्रत्येक घरात असतंच. घर फुटलं म्हणून दिलेला शब्द मोडायचा नाही, यावर दोघी जावांचं न बोलता एकमत होतं. थोरली तिकडे ठसे मारून कागद खोक्यात भरायची आणि सासरे ते खोकं इकडे आणून द्यायचे. ते पोस्टमन होते, निवृत्त झालेले, पण चाल अजून तीच. शेजारच्या दारात यायचं असलं तरी डोक्यावर टोपी चढवूनच यायचे.

"काही म्हणाल्या का ताई?" पहिल्याच खेपेला धाकटीने विचारलं होतं.

"मी जन्मभर पाकिटं पोचवली. तोंडी निरोप कधी पोचवले नाहीत. खात्याचा नियम आहे."

"बाबा, खातं सोडूनसुद्धा जमाना झाला तुम्हाला."

"खातं सोडलं. नियम कुठे सोडलाय?"

पण शेवटचं खोकं टेबलावर ठेवल्यावर ते लगेच वळले नाहीत. टोपी काढली, पुन्हा घातली. "ही शेवटची खेप. यानंतर ती हे काम बंद करतेय. ठसे बालवाडीच्या बाईंना देऊन टाकणार आहे, पोरांना खेळायला."

धाकटी खोकं उघडता उघडता थांबली. "हा निरोप झाला की, बाबा."

"निरोप नाही, बातमी. बातमीला तिकीट लागत नाही," म्हणत म्हातारबुवा चालते झाले.

धाकटी बराच वेळ त्या खोक्याकडे बघत बसली. त्या ठशांमध्ये चंद्राची कोर होती, पतंग होता, छत्री होती, धाकटीच्या वाढदिवसाला कोरलेली जाडी मांजर होती. ते पोरांनी चावायचे? तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला, आणि राग आल्यावर माणूस जे करतं तेच तिने केलं. देऊ देत, म्हणाली. चार दिवसांत कोणीही शिकेल असं आपणच म्हटलंय ना, मग शिकू.

ती बाजारात गेली आणि तयार ठसा, चिकट शाई, पूड, बंदूक सगळं घेऊन आली. नवरा दुकानात होता. बघायला कोणी नव्हतं. पहिल्या कागदावर ठसा उचलताना हलला आणि बदकाला दोन चोची आल्या. दुसऱ्यावर दाब कमी पडला, बदकाचं फक्त ढुंगण उमटलं. तिसऱ्यावर ठसा झकास बसला, पण पूड टाकल्यावर ती बदकावर बसली तशीच बाजूला पाच ठिकाणी बसली, कारण तिथे धाकटीची घामेजलेली बोटं लागली होती. थोरली ठसा मारण्याआधी कागदावरून कोरड्या पावडरची पुरचुंडी फिरवायची, ती यासाठीच. कागदावर जराही ओल असली की पूड तिथे चिकटते, आणि एकदा वितळली की ती कायमचीच. धाकटीला इतकी वर्षं ती पुरचुंडी म्हणजे थोरलीची नसती शिस्त वाटत आली होती. चौथ्या कागदावर तिने पुरचुंडी फिरवली, सगळं नीट केलं आणि बंदूक धरायला गेली ती धरूनच बसली. उठलेली रेघ खाली बसली, कागद तपकिरी झाला आणि धूर निघाला.

चार दिवस लागले नाहीत. आपण काय बोललो ते तिला एका दुपारीच कळलं. सगळे कागद तिने केराच्या डब्यात भाजीच्या देठांखाली दडपले. संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "कसला जळका वास येतोय?" तेव्हा ती म्हणाली, "दूध उतू गेलं." नवऱ्याने दुधाचं भांडं बघितलं, ते काठोकाठ भरलेलं होतं. पण सध्या घरात कमी बोलण्यात शहाणपण आहे, इतकं त्यालाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेवटच्या खोक्यातले कागद रंगवायला घेतले. कागद पाण्याने भिजवला, वरून निळा सोडला, खालून हिरवा, आणि दोघांना मधे भेटू दिलं. आई बदक वर आलं. पिल्लं आली. मागे बघणारं शेवटचंही आलं. आणि त्याच्या खाली, जिथे नुसतं पाणी असायला हवं होतं तिथे, एक पांढरा गोल ठिपका आला.

कचरा असेल, म्हणून तिने तो कागद बाजूला ठेवला. पुढचा स्वच्छ निघाला. त्याच्या पुढच्यावर दोन ठिपके होते, आणि त्यांच्या कडा बारीक फुटलेल्या. थेंब वरून पडला की त्याच्या कडा अशाच फुटतात. पाण्याची चाल धाकटीला कोणी शिकवायला नको होती. तिने उरलेले कागद खिडकीपाशी नेऊन उजेडात तिरके धरले. बऱ्याच कागदांवर पूड चिकटून वितळलेले असे थेंब चमकत होते, आणि सगळे खालच्या बाजूला. टेबलावर वाकलेल्या माणसाचा चेहरा येतो बरोबर तिथे.

थोरली रडत होती. रडत रडत ठसे मारत होती. थोरली, जिला कोणी कधी रडताना पाहिलं नव्हतं. स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा भेटायला आलेल्या माणसांना जेवू घालून वर धाकटीलाच "तू जेवलीस का?" म्हणून विचारणारी. तिला आपण रडवलं, या विचाराने धाकटीला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि खरं सांगायचं तर आत कुठेतरी थोडं बरंही वाटलं. म्हणजे त्यांनाही आपल्याशिवाय करमत नाही तर! माणसाचं मन असं चोरटं असतं. त्याला दुःखातसुद्धा आपला वाटा दिसतो.

तिने ठिपक्यांचा कागद उचलला, पायात जे आलं ते घातलं आणि शेजारच्या दाराची घंटी वाजवली. जाता जाता मनात सगळं ठरून गेलं. आपण त्यांचे डोळे पुसायचे, त्या आपल्याला जवळ घेतील, दोघी पोटभर रडू, आणि त्या रडण्यात ती चार दिवसांची गोष्ट आपोआप वाहून जाईल. बोलावीसुद्धा लागणार नाही.

थोरलीने दार उघडलं. डोळे लाल झालेले, पापण्या सुजलेल्या.

"ताई, रडू नका ना," ती एका दमात म्हणाली.

"कोण रडतंय?"

"मला कळलंय सगळं." तिने कागद पुढे केला.

थोरलीने चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. "अगं बाई, हे राहिलेच का? मला वाटलं, सगळे टिपले. किती कागद गेले?"

"कागद जाऊ देत हो. तुम्ही..."

"जाऊ देत कसे? डॉक्टरबाईंना काय देवी आलेली बदकं द्यायची?" थोरली वैतागली होती, पण धाकटीवर नव्हे, थेंबांवर. "अगं, बंदुकीचा ताप आहे हा सगळा. आधी तू चिमट्यात कागद धरायचीस आणि मी बंदूक. आता एका हातात चिमटा आणि एका हातात बंदूक. कागद हलू नये म्हणून मान अशी खाली घालावी लागते आणि सगळी गरम हवा तोंडावर येते. नुसती धार लागते डोळ्यांना. एक कागद वितळवून दुसऱ्यावर ठसा मारते, तोवर त्याच्यावर टपकतंच."

"म्हणजे तुम्ही रडत नव्हता?"

"मला वेळ आहे का रडायला?"

धाकटी कागदाकडे बघत उभी राहिली. पुसायला आली होती ते अश्रू अश्रू नव्हतेच. आता काय करायचं? थोरलीने परतीची वाटही मोकळी करून दिली होती. "ठेव तो इथे," ती म्हणत होती, "खराब झालेले सगळे पाठव. नवे करून देते बाबांबरोबर." आणि दार लोटायला तिने हात पुढे केला. बरं म्हणून वळलं की झालं. काम पुरं होईल, डॉक्टरबाई खूश होतील, ठसे बालवाडीत जातील, आणि दोघी जावा जिन्यात भेटल्या की एकमेकींना वाट देतील, जन्मभर.

"ताई, मी काल ठसे मारून बघितले," धाकटी म्हणाली.

थोरलीचा हात दारावरच थांबला. "तू?"

"बदकाला दोन चोची आल्या. मग एक कागद जाळला."

"पुरचुंडी फिरवली नसशील."

"पहिल्या तीन कागदांवर नाही फिरवली."

"सांगून सांगून तोंड दुखलं माझं."

"पण त्यासाठी नाही आले मी." धाकटी थांबली नाही. थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. "जमलं नाही म्हणून मला कळलं, असंही नाही. मला त्या दिवशीही माहीत होतं. बोलत होते तेव्हाच माहीत होतं. लोक रंगांचं कौतुक करायचे, तुम्ही ऐकून घ्यायचात, आणि मी एकदाही म्हटलं नाही की आधी रेघ बघा, ती ताईंची आहे. मला आवडायचं ते कौतुक एकटीला. त्या दिवशी मी खोटं बोलले, ताई. आणि तुम्हाला लागेल असं शोधून बोलले."

थोरली दारातून बाजूला झाली. "आत ये," म्हणाली, "बंदूक चालू आहे."

टेबलावर, कमी पडले तर हाताशी असावेत म्हणून, ठसा मारलेले काही जादा कागद ओळीने मांडलेले होते. पलीकडे ठशांचा डबा होता, सुतळीने बांधून तयार. धाकटीने त्याच्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"बालवाडीला दुसरे कोरून देईन," थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली. "मोठे. हे पोरांच्या घशात जायचे." आणि तिने चिमटा पुढे केला. "धर."

धाकटीने धरला. थोरलीने पूड टाकली, कागद झटकला, चिमट्यात दिला आणि बंदूक जवळ आणली. पिठासारखी दिसणारी ती पूड एका टोकापासून वितळत गेली. आधी चोच, मग मान, मग पाठ चकचकीत होत उठली. आता मान खाली घालायची गरज नव्हती. थोरली ताठ बसली होती आणि गरम हवा पलीकडे भिंतीवर जात होती. एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. जुन्या सवयीने कागद वेळेवर फिरत होता.

"त्या दिवशी तुम्ही मला काहीच बोलला नाहीत," धाकटी शेवटी म्हणाली. "दोन शिव्या तरी द्यायच्या."

थोरलीने बंदूक बंद केली. कागद निवायला ठेवला, त्याची कड टेबलाच्या कडेला जुळवली.

"रडले होते त्या दिवशी," ती म्हणाली. "रात्रभर. उशी पालटून घ्यावी लागली." मग जराशा रागाने, जणू धाकटीने भलताच आळ घेतला होता, "पण कागदावर नाही. कागदावर कोण रडतं? काम असतं ते आपलं दोघींचं."

धाकटीने चिमटा खाली ठेवला. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण डोळे आधीच भरून वाहू लागले होते आणि ती होती त्या मांडलेल्या कागदांच्या अगदी वर वाकलेली.

थोरलीने कोपराने तिला बाजूला सारलं. "तिकडे तोंड करून रड," ती म्हणाली, आणि तिचाही आवाज आता धड राहिला नव्हता. "त्यांच्यावर पूड टाकायची राहिलीय अजून."